दहावी चौकट

संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला मुजावर मॅडम पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या. प्रत्येकाच्या बाकावर त्यांनी दहा-दहा शेंगा ठेवल्या आणि म्हणाल्या, "फोडायच्या आधी सांगा, कुठल्या शेंगेत किती दाणे निघतील?"

वर्गात चाळीस जण होते. कुणी विशीतलं, कुणी साठीला आलेलं. कॉलेजची नेहमीची मुलं नऊला यायची. हा वर्ग सकाळी सातचा, आणि इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी गावाबाहेरच्या छातीच्या दवाखान्यात पडून होतं. शेंगा बघून कुणाला गंमत वाटली नाही. तरी सगळ्यांनी अंदाज सांगितले, शेंगा फोडल्या, आणि बहुतेकांचे अंदाज चुकले. मग मॅडमनी चाळीस जणांच्या चारशे शेंगांचा हिशोब फळ्यावर मांडला. इतक्या शेंगा एका दाण्याच्या, इतक्या दोन, इतक्या तीन.

"आता मी बाजारातून आणखी चारशे आणल्या तर हाच हिशोब निघेल. दहा-वीस इकडंतिकडं. पण हातातल्या एका शेंगेबद्दल मला तेव्हाही काही सांगता येणार नाही. हा विषय एवढाच आहे. पुढचे आठ आठवडे आपण हेच नीट समजून घ्यायचंय."

दुसऱ्या बाकावर बसलेल्या ईश्वरी कबाडेनं हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवून घेतलं. ती चोवीस वर्षांची होती. बारावीनंतर सहा वर्षांनी ती पुन्हा बाकावर बसली होती, आणि तिला पास व्हायचंच होतं. ती पास झाल्याशिवाय तिच्या नवऱ्याला औषध मिळणार नव्हतं.

नवरा वरद इचलकरंजीच्या एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर होता. माग बिघडला की दुरुस्त करायचा, सुताचा नवा बीम चढवला की तो जुळवून द्यायचा, हे त्याचं काम. दिवाळीनंतर त्याला खोकला लागला, संक्रांतीपर्यंत वजन बारा किलोनं उतरलं, आणि तपासणीत 'नवा क्षय' निघाला.

या नव्या क्षयाचा जंतू दर काही महिन्यांनी रूप पालटायचा. आज लागू पडणारं औषध वर्षभरानं निकामी व्हायचं, आणि ते निकामी झालंय हे डॉक्टरांना कळेपर्यंत हजारो माणसं गेलेली असायची. म्हणून सरकारनं 'सोडत' आणली. सोडत म्हणजे पुण्यातला एक संगणक. क्षयावर औषधांच्या पाच जोड्या होत्या. राज्यातल्या प्रत्येक रुग्णाला त्यातली कुठली मिळणार हे डॉक्टर ठरवत नसत, सोडत ठरवायची, नशिबाच्या हवाल्यानं. सुरुवातीला पाचही जोड्या सारख्याच वाटल्या गेल्या. जिच्यानं जास्त माणसं वाचायला लागली, तिचा वाटा सोडत आपोआप वाढवत गेली. सध्या तिसऱ्या जोडीची चलती होती. शंभरातल्या नव्वद जणांना तिसरी मिळायची आणि तिसरी मिळालेल्या दर शंभरांतले अठ्ठ्याऐंशी घरी जायचे. उरलेल्या दहा जणांत बाकीच्या चार जोड्या वाटल्या जायच्या. त्यांतले निम्मेसुद्धा वाचत नसत. सोडतीबाहेर होतं फक्त रोग थोपवून धरायचं इंजेक्शन. ते जेमतेम दोन-तीन महिने पुरायचं.

कोर्टानं एक अट घातली होती. माणसाचं औषध सोडतीनं ठरणार असेल, तर संमती देणाऱ्याला सोडत म्हणजे काय हे खरोखर कळलेलं हवं. ज्याला ऑक्सिजन लावलाय त्याची संमती मोकळ्या मनाची धरता येत नाही. म्हणून घरच्या एकानं कॉलेजात जाऊन संख्याशास्त्राची सुरुवातीची परीक्षा द्यायची आणि मगच सही करायची. वरदच्या घरात दोनच बायका होत्या. सासूबाई, स्नेहल कबाडे, वर्गाच्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला आकडे बघितले की धडधडतं बाळा. तू जा. तू हुशार आहेस."

दुसऱ्या आठवड्यात ईश्वरीनं हात वर केला. "मॅडम, तिसरी चांगली आहे हे कळलंय ना? मग त्या दहा जणांना दुसरं का द्यायचं?"

सगळा वर्ग मॅडमकडे बघायला लागला. हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता.

"तीन वर्षांपूर्वी पहिली जोडी चांगली होती," मॅडम म्हणाल्या. "तेव्हाही नव्वद जणांना पहिली आणि दहा जणांना बाकीच्या. मग जंतू बदलला. पहिली घेतलेले मरायला लागले आणि त्या दहांतले, ज्यांना तिसरी मिळाली होती, ते वाचायला लागले. दोन आठवड्यांत सोडतीला कळलं की वारं फिरलंय. तेव्हा सगळ्यांना पहिलीच दिली असती तर तिसरी चालते हे कळलंच नसतं. आज तुमची माणसं तिसरीवर वाचतायत ती त्या दहांमुळे."

"पण त्या दहांतल्या बाकीच्यांचं काय?" ईश्वरीच्या शेजारी बसलेल्या मुलीनं विचारलं.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "त्यांचं काही नाही," त्या म्हणाल्या. "ते गेले."

शेजारची मुलगी म्हणजे श्रावणी मुरदंडे. बँकेत नोकरी करायची. आईवडील नव्हते, आणि सतरा वर्षांचा धाकटा भाऊ विहान वरदच्याच वॉर्डात, त्याच्या शेजारच्या खाटेवर होता. त्या दिवसापासून दोघी एकत्र डबा खायला लागल्या. कॉलेज सुटलं की एकाच रिक्षेनं दवाखान्यात जायच्या, काचेबाहेरच्या बाकावर बसून गणितं सोडवायच्या. श्रावणीला सूत्रं पाठ व्हायची, ईश्वरीला ती कशी आली ते समजायचं. एक अडली की दुसरी सांगायची.

वॉर्डात आत जायला बंदी होती. जाड काच आणि फोन. वरद फोन कानाला लावून म्हणायचा, "काय शिकवलं आज?"

"तीन मुली झाल्यावर चौथा मुलगाच होणार असं नसतं. नाण्याला आधी काय पडलंय ते आठवत नसतं."

"हे शिकायला कॉलेज कशाला लागतंय? आमच्या मुकादमाला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं. त्याला पाच मुली आहेत." तो हसायचा आणि हसताना खोकला यायचा. मग शेजारच्या खाटेवरून विहान फोन घ्यायचा. "वहिनी, दादा मला माग जुळवायला शिकवतोय. नुसत्या हातवाऱ्यांनी. कारखान्यात गेल्यावर माझं काय होणार कुणाला ठाऊक!" त्याच्या नाकात नळी होती. तरी दिवसभर तो वरदशी बडबडत असायचा. वरद ईश्वरीला म्हणाला होता, "हे पोरगं नसतं तर मी इथं वेडा झालो असतो बघ."

दवाखान्याच्या मोठ्या दालनात भिंतीवर एक पडदा होता. सोडतीत काही लपवाछपवी नाही हे लोकांना दिसावं म्हणून लावलेला. या दवाखान्यातल्या कुणाची सही झाली की पडद्यावर एक चौकट उमटायची. तिसरी जोडी आली तर हिरवी, दुसरी कुठलीही आली तर केशरी. एका ओळीत दहा चौकटी.

पाचव्या आठवड्यात ईश्वरीच्या काहीतरी लक्षात आलं. पडद्यावर तीन भरलेल्या ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीत एकच चौकट केशरी होती. कधी दुसरी, कधी सातवी, कधी नववी. पण एकच.

त्याच आठवड्यात मॅडमनी पिशवीतल्या चिठ्ठ्या शिकवल्या. पिशवीत नऊ पांढऱ्या आणि एक काळी. काढलेली चिठ्ठी प्रत्येक वेळी परत टाकली, तर पिशवी नाण्यासारखी. तिला काही आठवत नाही. कितीही वेळा काढा, काळीची शक्यता दहात एक.

"आणि परत टाकली नाही तर?" ईश्वरीनं विचारलं.

"मग पिशवीला आठवतं. आठ पांढऱ्या निघून गेल्या असतील तर उरलेल्या दोनांत एक काळी. नवव्यांदा हात घालणाऱ्याला निम्मी शक्यता. आणि काळी आधीच निघून गेली असेल तर पुढचे सगळे बिनघोर."

ईश्वरीला आणखी एक विचारायचं होतं. सोडतीची पिशवी यांतली कुठली? पण तिनं ओठ मिटून घेतले. तो प्रश्न मोठ्यानं विचारला असता तर चाळीस जणांना कळला असता. शेजारी श्रावणी वहीत मॅडमचं उत्तर लिहून घेत होती.

घरी आल्यावर तिनं हिशोब मांडला. समजा सोडतीला काही आठवत नाही. मग एका ओळीत नेमकी एकच केशरी येण्याची शक्यता शंभरात एकोणचाळीस. तीन ओळी लागोपाठ तशाच येण्याची शंभरात जेमतेम सहा. सहा म्हणजे फारच कमी. म्हणजे सोडत चिठ्ठी परत टाकत नसावी. दहा चिठ्ठ्यांची पिशवी करते, ती संपली की दुसरी. तिनं हिशोब दोनदा तपासला. शिकलेली विद्या पहिल्यांदाच तिच्या कामी येत होती.

मग काय करायचं ते उघड होतं. केशरी चौकट पडेपर्यंत थांबायचं. ती पडली की लगेच सही करायची. हिरवी ठरलेली.

परीक्षेत चाळीसपैकी पंचवीस जण पास झाले, बाकीच्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा बसायचं होतं. ईश्वरी वर्गात पहिली आली. शनिवारी निकाल लागला आणि सोमवारपासून सह्या सुरू झाल्या. सोमवार संपेपर्यंत दवाखान्यातल्या इतरांच्या आणि वर्गातल्या लोकांच्या मिळून पडद्यावर आणखी दोन ओळी भरल्या. एकीत केशरी एक, दुसरीत दोन. ते दोन बघून ईश्वरी क्षणभर चमकली. मग तिनं स्वतःची समजूत घातली, वर्गाची गर्दी झाल्यामुळे दोन पिशव्या एकत्र झाल्या असतील. सह्यांच्या खिडकीशी रांग इतकी होती की केशरी पडल्यावर तिचा नंबर लागेपर्यंत ओळ संपून जायची.

मंगळवारी दुपारी शेवटच्या ओळीत सात चौकटी होत्या. सातही हिरव्या.

"आज करून टाका," डॉक्टर ईश्वरीला म्हणाले. "इंजेक्शनचा जोर ओसरत चाललाय."

"सासूबाई आल्या की करते."

सासूबाई घरी होत्या, आणि त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. डॉक्टरांनी श्रावणीलाही तेच सांगितलं. श्रावणी म्हणाली, बँकेतून रजा मंजूर व्हायचीय, उद्या करते. संध्याकाळी एका म्हाताऱ्या बाईंनी नवऱ्यासाठी सही केली. आठवी चौकट हिरवी झाली. बाई पदरानं डोळे पुसत बाहेर गेल्या. वर्गातल्या पास झालेल्यांपैकी आता दोघीच राहिल्या होत्या.

बुधवारी सकाळी दोघी दालनातल्या बाकावर शेजारीशेजारी बसल्या होत्या. श्रावणीनं डब्यात पोहे आणले होते. कुणीच खाल्ले नाहीत.

"जायचं का?" श्रावणी म्हणाली.

"तू हो पुढं," ईश्वरी म्हणाली. "मी आईंना फोन करते." ती उठून व्हरांड्यात गेली, फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडे कुणीही नव्हतं. दहा मिनिटांनी परत आली तर श्रावणी तिथंच बसलेली.

"डोकं दुखतंय जरा," श्रावणी म्हणाली. "दुपारी करू."

दुपार झाली, संध्याकाळ झाली. काचेपलीकडे वरद त्या दिवशी उठून बसला नाही. गुरुवारी सकाळी विहानचा ऑक्सिजन एकदम खाली गेला. नर्स धावत बाहेर आली आणि श्रावणीचं नाव घेऊन ओरडली. श्रावणी उठली, ईश्वरीकडे न बघता खिडकीशी गेली आणि सही केली.

नववी चौकट केशरी झाली. पाचवी जोडी.

श्रावणी खिडकीच्या कट्ट्याला धरून उभी राहिली. ईश्वरी तिच्याजवळ गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्याच क्षणी तिच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. त्या हलकेपणाची तिला किळस आली. तरी ते हलकं वाटणं थांबलं नाही. तिनं खांद्यावरचा हात काढला, खिडकीतून पेन घेतलं आणि सही केली.

दहावी चौकट उमटली. केशरी. दुसरी जोडी.

"हे चुकलंय," ईश्वरी खिडकीतल्या माणसाला म्हणाली. "एका ओळीत दोन येत नाहीत."

"येतात की," तो म्हणाला. "मागं एकदा चारसुद्धा आल्या होत्या."

ती तडक कॉलेजात गेली. मुजावर मॅडम स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या. ईश्वरीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ओळी, हिशोब, शंभरात सहा, पिशवी. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ओळ सोडतीची नाही गं," त्या म्हणाल्या. "ती पडद्याची. त्या पडद्यावर एका रांगेत दहाच मावतात. पुण्यातल्या संगणकाला ना ओळ माहीत, ना तुमचा दवाखाना. तो प्रत्येक वेळी नव्यानं नाणं टाकतो."

"पण शंभरात सहाच..."

"हिशोब बरोबर आहे तुझा. पण शंभरात सहा म्हणजे कधीच नाही असं नव्हे. राज्यात असे चारशे दवाखाने आहेत. त्यांतल्या वीस-पंचवीस ठिकाणी कुणालाही तीन ओळी तशा दिसतील. तुला दिसल्या." त्यांनी पेन खाली ठेवलं. "मागच्या बॅचला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पडद्याकडे बघू नका, त्यात काही नाही. त्यांना वाटलं त्यात काहीतरी आहे म्हणूनच मॅडम सांगतायत. दोघं आठवडाभर थांबले. म्हणून या वेळी मी बोललेच नाही."

"मी सोमवारीच सही केली असती तर?"

"तर सोमवारचं नाणं पडलं असतं. दहात नऊ वेळा तिसरी."

"आजही दहात नऊच होती."

"हो."

"म्हणजे मी थांबल्यानं काही बिघडलं नाही?"

"सोडतीत नाही," त्या म्हणाल्या. "पण तीन दिवस उशीर झाला. उशिरानं माणसं जास्त दगावतात हे मला माहीत आहे. वरदला त्यानं किती फरक पडेल ते मला सांगता येणार नाही. कुणालाच नाही. एका माणसाबद्दल हा विषय गप्प बसतो, ईश्वरी."

दुसऱ्या दिवशी तिनं काचेपलीकडे वरदला सांगितलं. सांगायचं नव्हतं. पण त्यानं विचारलं, "दोघांनाही वाईटच कसं आलं गं?" आणि तिला राहवलं नाही. पडद्याबद्दल, थांबण्याबद्दल, सगळं बोलून गेली. वरदनं फोन कानाशी धरून ठेवला होता. मान वळवून त्यानं शेजारच्या खाटेकडे बघितलं. विहान तोंडावर मास्क घेऊन झोपला होता.

"म्हणजे त्या पोराला तू पुढं घातलंस," तो म्हणाला.

"त्यानं काही झालं नाही वरद. मॅडम म्हणाल्या, ज्याचं त्याचं नाणं वेगळं..."

"ते तुला सही झाल्यावर कळलं. त्याआधी काय वाटत होतं?"

ईश्वरीनं विहानच्या खाटेवरून नजर काढून घेतली.

"सांग तिला," वरद म्हणाला. "त्याच्या बहिणीला सांग. त्याशिवाय मला फोन करू नको." त्यानं फोन ठेवला आणि कूस वळवली.

लग्नाला चार वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत तो तिच्याशी कधी असं बोलला नव्हता.

श्रावणीला गाठायला तिला दोन दिवस लागले. धाडस होत नव्हतं. शेवटी औषधांच्या खिडकीशी गर्दी नव्हती तेव्हा ती तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बुधवारी मी आईंना फोन केलाच नव्हता."

"माहितीय," श्रावणी म्हणाली.

"मला वाटत होतं की ओळीत..."

"एकच केशरी असते. मलाही तेच वाटत होतं." श्रावणीचा आवाज सपाट होता. "पिशवीचं मॅडमनी सांगितलं त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं. मंगळवारी माझी रजा मंजूर झालेली होती. बुधवारी माझं डोकं दुखत नव्हतं. मी तू जायची वाट बघत होते ईश्वरी. तू व्हरांड्यात गेलीस तेव्हा मी म्हटलं, आता येईल आणि सही करेल."

दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

"विहान गुदमरला नसता तर मी अजूनही तिथंच बसले असते," श्रावणी म्हणाली. "तूही."

त्यापुढं बोलण्यासारखं काही नव्हतं. एक चुकली असती आणि दुसरी बरोबर असती, तर रागवता आलं असतं, पाय धरता आले असते. औषधाची पुडी घेऊन श्रावणी जिन्याकडे गेली. त्या दिवसानंतर दोघी वेगवेगळ्या वेळी दवाखान्यात यायला लागल्या.

ईश्वरी वॉर्डाकडे जवळजवळ पळत गेली. मी सांगितलं, आणि ऐक, तीही थांबली होती, दोघीही सारख्याच, असं तिला वरदला सांगायचं होतं. पण आदल्या रात्रीच त्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं. काचेतून त्याचे पाय आणि यंत्राचा पांढरा पाइप एवढंच दिसत होतं. ती फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडचा फोन हुकावर लटकलेला होता.

सतरा दिवस तो यंत्रावर होता. सासूबाई रोज यायच्या. पहिले काही दिवस त्यांनी काही विचारलं नाही. मग एकदा बाकावर बसल्या बसल्या म्हणाल्या, "त्या म्हातारीनं मंगळवारी सही केली म्हणे. तिचा नवरा काल जेवला. तू मंगळवारी इथंच होतीस ना?"

"होते."

"मग?"

"आई, मंगळवारी केली असती तरी वेगळंच काहीतरी येऊ शकलं असतं. ते सांगता येत नाही."

"तू पहिली आलीस ना वर्गात?" स्नेहल म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "पहिली येऊन एवढंही सांगता येत नाही?"

विहानचा ताप दुसऱ्या आठवड्यात उतरला. पाचवी जोडी शंभरातल्या चाळीसेक जणांना वाचवायची, आणि तो त्या चाळिसांत निघाला. का, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. तो उठून बसला, मग चालायला लागला. ज्या दिवशी त्याला घरी सोडलं त्या दिवशी तो वरदच्या काचेपाशी बराच वेळ उभा होता. ईश्वरी जवळ आल्यावर म्हणाला, "वहिनी, दादा उठला की मला फोन कराल? मला मागाचा पट्टा चढवायचं अजून नीट कळलेलं नाही." श्रावणी लांब, दाराशी, बॅग धरून थांबली होती. आत आली नाही. ईश्वरीनंही तिकडं बघितलं नाही.

"करते हां," ईश्वरी विहानला म्हणाली.

त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, वरद गेला.

नव्या क्षयानं गेलेल्यांना घरी नेऊ देत नसत. सोपस्कार दवाखान्याच्या मागच्या विद्युतदाहिनीतच उरकले. कारखान्यातले दहा-बारा जण तोंडाला फडकी बांधून आले होते. मुकादम ईश्वरीसमोर हात जोडून उभा राहिला.

तीन दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. सोडतीच्या खात्यात वरदची नोंद पूर्ण करायची होती, आणि त्याचे कपडे न्यायचे होते. स्नेहल सोबत आल्या. त्या बाहेर पायरीवर बसून राहिल्या, ईश्वरी एकटीच आत गेली. टेबलामागची मुलगी तिच्याच वयाची होती. तिनं हळू आवाजात चार प्रश्न विचारले. सगळे डोस झाले होते का? मध्ये दुसरं काही औषध दिलं होतं का? ईश्वरीनं उत्तरं दिली. मुलीनं ती संगणकात भरली आणि म्हणाली, "झालं ताई."

"याचं पुढं काय होतं?" ईश्वरीनं विचारलं.

मुलीनं तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न तिला सहसा कुणी विचारत नसावं. "दुसऱ्या जोडीचा वाटा कमी होतो. आत्ता दोन टक्के आहे. यांच्यामुळे..." तिनं संगणकाचा पडदा ईश्वरीकडे वळवला. आकडा दशांश चिन्हानंतर चौथ्या जागी बदलला होता. "एवढा. एकट्यानं फारसा होत नाही. पण सगळ्यांचा मिळून होतो."

"म्हणजे पुढं दुसरी कमी जणांना मिळेल."

"हो. थोडी कमी."

ईश्वरीनं मान हलवली. तिला ते सगळं कळत होतं. ते कसं मोजतात, का मोजतात, आणि मोजलंच का पाहिजे, हे सगळं ती फळ्यावर मांडून दाखवू शकली असती. कपड्यांची पिशवी घेऊन ती बाहेर आली.

स्नेहल पायरीवरून उठल्या. पिशवी त्यांनी स्वतःकडे घेतली, वरचा शर्ट नीट घडी करून पुन्हा आत ठेवला.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"म्हणाले, त्याचा उपयोग झाला."

"कुणाला?"

अजून आजारीच न पडलेल्या कुणाला तरी. दहा हजारांतल्या कुणा एकाला. त्याचं त्यालाही कधी कळणार नाही अशा कुणाला तरी. उत्तर ईश्वरीला येत होतं, आणि ते बरोबर होतं. पण सासूबाईंच्या तोंडाकडे बघून ते देणं तिला जमलं नाही. फाटकाबाहेर एक रिक्षा उभी होती. तिनं सासूबाईंचा हात धरला आणि दोघी तिकडं चालायला लागल्या.